मदत हवी आहे : विषाणूशिवायची जीन थेरपी ड्यूशेनसाठी खरंच मिळते का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचा मुलगा ९ वर्षांचा आहे. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा जनुकीय आजार. लहानपणी त्याच्या पोटऱ्या भरदार म्हणून आम्ही कौतुक करायचो. मांडीवर हात टेकत टेकत उठायला लागला तेव्हा तपासण्या झाल्या. सध्या स्टेरॉइड आणि फिजिओथेरपी चालू आहे. सपाटीवर चालतो, जिना मात्र सुटला.

२०२५ मध्ये अमेरिकेत विषाणूवाली (विषाणूच्या कवचातून जनुक शरीरात सोडणारी) जीन थेरपी घेतलेली ड्यूशेनची दोन मुलं लिव्हर निकामी होऊन गेली, ते वाचल्यापासून बहीण त्या उपचाराचं नावही काढू देत नाही. आता व्हॉट्सॅपवर फिलाडेल्फियाच्या एका बाळाची बातमी आलीय, विषाणू न वापरता जनुक दुरुस्त केल्याची. आणि नेमकं त्याच आठवड्यात एका खासगी क्लिनिकचं पत्रक हातात पडलं : 'नैसर्गिक बायोपॉलिमरच्या नॅनोकणांतून जनुक, शून्य विषाणू, सहा इंजेक्शनं'. खर्च ८ लाख. ती एफडी मोडायला निघालीय.

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बाळाला जमलं ते आमच्या पोराला का जमणार नाही? आणि क्लिनिकला नेमकं काय विचारू? मी बी.कॉम. आहे, कृपया त्या बेताने सांगा.

पेशीपाल

ताई, लिपिड (चरबी) आणि पॉलिमरच्या कणांत आरएनए (जनुकाचा निरोप नेणारा रेणू) भरणं हे माझं रोजचं काम आहे. आधी एवढंच : एफडी मोडू देऊ नका.

बाळाची बातमी खरी आहे. के.जे. नावाच्या त्या बाळाच्या लिव्हरमधलं सीपीएस१ हे एन्झाइम बिघडलं होतं, त्यामुळे रक्तात अमोनिया साठायचा. २०२५च्या फेब्रुवारीत त्याला पहिला डोस दिला, मग आणखी दोन. जनुकातलं चुकलेलं अक्षर बदलणारं साहित्य चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेलं होतं. ते नेहमीच्या विषाणूतून दिलं असतं तर पहिल्या डोसनंतर शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असती आणि पुढचे डोस देणं जवळपास अशक्य झालं असतं.

पण तिथे बिघाड लिव्हरमध्येच होता, हे मोठं नशीब. हे कण शिरेतून सोडले की रक्तातलं एपोई नावाचं प्रथिन त्यांना चिकटतं. लिव्हरच्या पेशी एपोई ओळखतात आणि आपल्याच चरबीचा माल समजून कण आत घेतात. शिवाय लिव्हरच्या केशवाहिन्यांना बारीक झरोके असतात. स्नायूंकडच्या केशवाहिन्यांना ते नाहीत. म्हणून या पद्धतीचं २०१८ साली मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषधही लिव्हरमध्येच काम करतं. स्नायू तर अंगभर पसरलेले : मांड्या, पाठ, श्वासपटल, हृदय. दंडात टोचलेलं बहुतांशी दंडातच राहतं. सहा इंजेक्शनांनी श्वासपटल गाठता येत नाही.

पेशीत शिरल्यावरही संपलं नाही. कण आधी एका पिशवीत अडकतो, आणि त्यातून बाहेर पडणारा माल फारच थोडा असतो. आमची निम्मी मेहनत त्या पिशवीशीच चालते.

आता 'नैसर्गिक बायोपॉलिमर'. हे बहुधा कायटोसॅन असावं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. त्यावर धन भार, डीएनएवर ऋण, म्हणून दोघं गच्च बिलगतात. काचेच्या नळीत फार सुंदर दिसतं. पण कायटोसॅनला तो भार आम्लात मिळतो. रक्ताच्या सामूला बराचसा जातो, आणि गाठोडं सुटतं किंवा त्याच्या गुठळ्या होतात. नुसतं नैसर्गिक आहे म्हणून माल स्नायूपर्यंत पोचतो असं नाही.

तरीही या वाटेकडे आम्ही डोळे लावून बसलोय, त्याला कारण आहे. डिस्ट्रॉफिन हे स्नायूंचं प्रथिन या आजारात बनत नाही. त्याच्या जनुकातला प्रथिनासाठी लागणारा मजकूरच सुमारे ११,००० अक्षरांचा, आणि नेहमीच्या एएव्ही विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. म्हणून त्यातून कापून छोटं केलेलं डिस्ट्रॉफिन द्यावं लागतं. लिपिड-पॉलिमरच्या कणांना एवढं काटेकोर माप नाही. हा पूर्ण मजकूर जाऊ शकेल असं हे वाहन. फक्त त्याला स्नायूचा पत्ता अजून नीट सापडलेला नाही.

घाटमाथा

मी ड्यूशेनच्या मुलाचा बाप आहे. ताई, क्लिनिकला एकच विचारा : सीटीआरआय (देशातल्या औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? भारतात जीन थेरपीची चाचणी सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या) परवानगीशिवाय आणि एथिक्स कमिटीशिवाय करता येत नाही. क्रमांक मिळाला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आम्ही स्टेम सेलच्या नावाखाली साडेतीन लाख घालवलेत. पोराला सुया टोचल्या गेल्या ते जास्त लागतं.

पेशीपाल

घाटमाथा यांचं शंभर टक्के खरं. ताई, आणखी एक : मुलाच्या एमएलपीए (जनुक तपासणीच्या) रिपोर्टमध्ये कोणते एक्सॉन (जनुकाच्या मजकुरातले परिच्छेद) गळालेत ते बघा. स्नायूंपर्यंत विषाणूशिवाय पोचण्याची सध्या बरीच पुढे गेलेली वाट वेगळीच आहे. स्नायूच्या पेशीवरच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड घेतात आणि त्याला एक्सॉन वगळायला लावणारा आरएनएसारखा छोटा तुकडा जोडतात. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. त्याने जनुक बदलत नाही, डोस घेत राहावे लागतात, आणि कोणता तुकडा चालेल ते गळालेल्या एक्सॉनवर ठरतं.

कृष्णाकाठची

दोघांचे मनापासून आभार. काल फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर पलीकडची बाई 'सरांना विचारून सांगते' म्हणाली, मग फोन उचललाच नाही. तुमचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. झरोक्यांचं तिने दोनदा वाचायला लावलं. एफडी तूर्त जागेवर आहे.

रिपोर्ट सापडला. त्यात 'डिलीशन, एक्सॉन ४५ ते ५०' असं लिहिलंय. पेशीपाल, याला कोणता तुकडा चालतो?

पेशीपाल

एक्सॉन ५१ वगळणारा. पूर्ण रिपोर्ट नाव झाकून व्यनि (वैयक्तिक निरोप) करा, उद्या संध्याकाळी निवांत बघते.