सौर नळयोजना: बॅटरी नको, आधी बोअर मोजा

१००० वस्तीच्या गावाच्या नळयोजनेत सौर पंपाला बॅटरी किती लागेल, असा प्रश्न आहे. बॅटरी नकोच, त्या पैशांत दोन दिवसांचं पाणी मावेल अशी टाकी बांधा. माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज ५५ हजार लिटर. हजार लिटर एक मीटर चढवायला २.७ वॅट-तास लागतात. मेमधली पाणीपातळी, टाकीची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ७० मीटर धरले, पंप-मोटरची कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर रोज २३ युनिट. पॅनेल साधारण ५ किलोवॅट.

पण मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात घोडं अडतं ते बोअरपाशी. मे महिन्यात सलग उपसा करून २०० लिटरचं पिंप भरायला किती वेळ लागतो ते बघा. चार मिनिटं लागली तर सहा तासांत फक्त १८ हजार लिटर. मग पॅनेल वाढवून काय उपयोग? पंप कोरडा फिरला तर पाण्यावरच वंगण होणारे बुश (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या नळ्या) घासून जातात, म्हणून ड्राय-रन सेन्सर, म्हणजे पाणी संपताच पंप बंद करणारा सेन्सर, हवाच. बोअरला पाणी कमी असेल तर मोटरचा वेग उतरवायला विजेची फ्रिक्वेन्सी ५० वरून ४० हर्ट्झ करा, असं सांगतात. तसं केलं तर दाब ६४ टक्केच उरतो. मोटर फिरते, पाणी वर येत नाही. त्यापेक्षा कमी प्रवाहाचा, जास्त स्टेजचा (पाण्याचा दाब वाढवणारे पंखे जास्त असलेला) पंप घ्या.