पट्टी उतरली की गायकानं थांबावं का?

उभ्या मारुतीचा

गेल्या रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. गाणारे काका सत्तरी पार केलेले. नव्वदच्या दशकात गणपतीत यांचा ऑर्केस्ट्रा कुठल्या पेठेत आहे ते शोधत आम्ही डबलसीट सायकलवर हिंडायचो, एवढं वेड. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील.

तिसऱ्या गाण्याला कीबोर्डवाल्यानं ट्रान्सपोझचं बटण दाबत पट्टी, म्हणजे गाण्याचा आधाराचा सूर, खाली आणली. अंतऱ्यात वरची जागा आली तशी काकांनी माईक प्रेक्षकांकडे धरला. लोक गायले, टाळ्या पडल्या, चला, निभावलं. पुढच्या गाण्यात मात्र काका पाणी प्यायला मागे वळले आणि गाणं चालूच! आवाज त्यांचाच, पण वीस वर्षांपूर्वीचा. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांनी 1960च्या दशकात जाहीर गाणं बंद केलं. 1977 साली त्या वारल्या. मधल्या काळात कुणाला त्यांचा उतरलेला आवाज ऐकावा लागला नाही. माझं मत सरळ आहे: आवाज साथ देईना झाला की थांबावं. जाकीट चमकीचं घालून आणि रील काढून गळा तरुण होत नाही.

षड्जपंचम

तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवणं ही फसवणूक, त्याबद्दल वाद नाही. पण पट्टी उतरवणं हा गुन्हा कधीपासून झाला? मी पंचवीस वर्षं गाणं शिकवतोय. वय वाढलं की बायकांचा आवाज खाली येतो, पुरुषांचा बऱ्याचदा पातळ होतो, दमसास तर सगळ्यांचाच कमी होतो. पेटीच्या काळी एकला गाणारा माणूस खालच्या पांढरी सहाला उतरला तर तो शहाणा म्हणायचा.

आणि कोल्हापुरात बसून हे बोलताय? अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज अतिगाण्यानं बसला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आपण मिरवतो. शाहू महाराजांच्या दरबारी जे गाणं आलं ते मोडक्या गळ्यातून उभं राहिलेलं. गायक मल्लिकार्जुन मन्सूर याच घराण्यातले, खाँसाहेबांचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांचे शिष्य. देशभर नाव झालं ते उतारवयातच. साठीला थांबा म्हटलं असतं तर?

उभ्या मारुतीचा

खाँसाहेबांचा आवाज बसला तेव्हा ते तरुण होते. नवीन काही घडवायला पुढं चाळीस-पन्नास वर्षं होती. सत्तरीतल्या माणसाला हा दाखला लागू कसा पडणार?

शिवाय रागाला मूळ रेकॉर्ड नसते. बुवांनी आज भूप कसाही मांडला तरी 'ओरिजनल असं नव्हतं' म्हणून कुणी उठत नाही. सिनेमाचं गाणं तसं नाही. ते लोकांच्या कानात एका वयाचं, एका पट्टीचं, एका लयीचं गोठून बसलंय. ऑर्केस्ट्राचा गायक तर दुसऱ्याच्या तिशीतल्या आवाजाशी आयुष्यभर शर्यत लावतो. तिशीत ती जिंकला असेल, सत्तरीत कसा जिंकेल?

षड्जपंचम

हे मात्र पटलं. गोठलेली रेकॉर्ड हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी थांबणं हाच एक उपाय कसा? शर्यत सोडता येते, गाणं न सोडता.

पन्हाळ्याची पोर

मी तेच लिहायला आले. 'रंग दे बसंती' आला 2006 साली, लताबाई तेव्हा 76 वर्षांच्या. 'लुका छुपी'त त्या सोळा वर्षांच्या नायिकेसाठी गात नाहीत, लपलेल्या मुलाला हाका मारणाऱ्या आईसाठी गातात. आवाजातलं वय तिथं कामाला आलं. हेच बाईंना कॉलेजकुमारीसाठी गायला लावलं असतं तर आपणच नाकं मुरडली असती. (मुरडली होतीच की, काही गाण्यांना!)

आशाबाईंचा रस्ता वेगळा. 'रंगीला' 1995चा, त्या बासष्टीच्या. आणि 2024च्या डिसेंबरात दुबईत 91व्या वर्षी त्यांनी 'तौबा तौबा' म्हटलं, स्टेपसकट. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर तो व्हिडिओ चार दिवस फिरत होता. म्हणजे काळाबरोबर राहायचे दोन मार्ग झाले ना: वयाला शोभेल ते गायचं, नाहीतर वयाला फाट्यावर मारायचं. घरी बसणं हा तिसरा, आणि तोच तुम्ही सगळ्यांना सांगताय.

उभ्या मारुतीचा

लता-आशा हे उदाहरण नव्हे, अपवाद. आणि खरं सांग, तुमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ गाण्यासाठी फिरला की 'आजी बघा कसल्या नाचताहेत' म्हणून? ज्यांच्यासाठी संगीतकार मुद्दाम चाल बांधतो ते मोजके. आमच्या काकांसाठी कोण बांधणार?

पन्हाळ्याची पोर

'आजी बघा' म्हणून बघितलं, कबूल. पण त्यानंतर आमच्यातल्या दोघींनी त्यांची सत्तरच्या दशकातली गाणी शोधून ऐकली. दोन म्हणजे थोड्या नव्हेत, आमच्या ग्रुपमध्ये सातच जणी आहेत.

ऑक्टोपॅडवाला

मगासपासनं वाचालोय, आता राहवंना. भावानु, केसरबाईस्नी थांबणं परवडलं असंल. आमचं काय? गळा गेला म्हणून थांबायचं तर घरचं लाईट बिल थांबतंय व्हय?

तुम्हाला धंद्याची गोष्ट सांगतो. पयला एका प्रोग्रॅमला बारा-चौदा माणसं असायची. ढोलक, कोंगो, दोन कीबोर्ड, बेस, ट्रंपेट. मग ऑक्टोपॅड आलं आन् चार तालवाद्यं एका माणसात बसली. तवा मी खूश होतो, कारण तो एक माणूस मीच! आता कराओके आलंय आन् मी बी गेलो. रिटायर झालेली साहेब लोकं ग्रुप करून हॉल घेत्यात, ट्रॅक लावत्यात, आन् गाणाराच गाण्यामागं पैसं भरतोय. हौस हाय, असू दे. पण गायला पैसं देणारा मिळाल्यावर पैसं घिऊन गाणाऱ्याला सुपारी कोण देणार? त्यात 8 ऑगस्ट 2024ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. त्या रात्री आमच्यातली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडलेली बघितल्यात.

ज्येष्ठ कलावंतांना मानधन हाय, शाहू महाराजांच्याच नावानं, म्हयन्याला 5000 रुपये. चांगलंच हाय. पण अर्जाला पुरावं लागत्यात. कात्रणं, सर्टिफिकिटं. आमचा पुरावा काय, तर गणपती मंडळाचा नारळ आन् शाल. नारळ खाल्ला, शाल फाटली.

षड्जपंचम

नारळाचं वाचून हसावं की काय करावं कळेना. पण कराओकेवाल्यांवर राग काढू नका. माझे चार विद्यार्थी त्यातूनच आलेत, एक तर साठीत पहिल्यांदा सा लावायला शिकला.

खासबागचा गडी

आमच्या हलगीवाल्यांना पट्टी कुणी विचारत नाही. हलगी शेकली, कडक वाजली की झालं. पण खांदा तर भरतोच. वडील मैदानात पहिल्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत उभ्यानं वाजवायचे. आता निकाली कुस्तीलाच वाजवतात, बाकी मी. थांबले नाहीत, वाटून घेतलं. मिरवणुकीत मात्र साऊंड सिस्टीमपुढं पंचविशीचा पोरगा काय आणि म्हातारा काय, दोघांचीही हलगी ऐकू येत नाही.

उभ्या मारुतीचा

वाटून घेतलं हे आवडलं. पट्टीबद्दलचा माझा शब्द मागे घेतो. ट्रॅकबद्दलचा नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला वीस वर्षांपूर्वीचा आवाज आजचा म्हणून विकायचा, यावर गरिबी हे उत्तर नाही. परवडत नसेल तर माईकवर सरळ सांगा, आज घसा बसलाय.

ऑक्टोपॅडवाला

त्यो ट्रॅक मीच लावला हुता.

आदल्या रात्री काकांचा घसा पार बसला. इसार घेतलेला, तो घरात खर्च झालेला, परत द्यायचा कुठनं? जुन्या प्रोग्रॅमचं रेकॉर्डिंग माझ्याकडं पडून हुतं. काका नको म्हणालते. म्या म्हणालो, एकच गाणं, कुणाला कळत नाही. पाण्याच्या बाटलीचं ध्यानात आलं नाही बघा.

घरी जाताना रिक्षात बोललं नाहीत. गंगावेशीत उतरताना एवढंच इचारलं, "पयल्या रांगेतल्या कुणाला कळलं का रं?" न्हाई म्हणालो.

उभ्या मारुतीचा

मी पहिल्या रांगेतच होतो.

पन्हाळ्याची पोर

आता हे त्यांना सांगू नका, प्लीज.

ऑक्टोपॅडवाला

सांगत न्हाई. फुडल्या म्हयन्यात परत हाय, त्याच हॉलात. काका चारच गाणी म्हणणार, बाकी त्यांची पुतणी. ट्रॅक न्हाई, कीबोर्ड, ढोलक आन् मी. पास ठेवू का?

उभ्या मारुतीचा

पास नको, तिकीट काढतो. पहिल्या रांगेतलंच. आणि त्या कीबोर्डवाल्याला सांगा, पट्टी घरीच ठरवून या, चालू गाण्यात बटणं दाबू नका.