पायटीझेड काढून झोनइन्फो आणताना काय तपासावं?

प्रश्न
प्रोजेक्ट पायथन ३.११ आणि जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वर आलाय. पायटीझेड (टाइमझोन सांभाळणारी बाहेरची लायब्ररी) काढून त्याच कामाचं पायथनचं अंगभूत झोनइन्फो वापरायचंय. साठेक ठिकाणी लोकलाइझ (वेळेला झोन जोडणारं पायटीझेडचं फंक्शन) आहे. नुसतं शोधून बदललं तर भागेल? वेळा भारताच्या आणि न्यूयॉर्कच्या, दोन्ही आहेत.

उत्तर १
भारतापुरतं भागेल. झोनइन्फोत लोकलाइझ नाहीच, त्यामुळे राहून गेलेली जागा ॲट्रिब्यूट-एरर देऊन स्वतःच ओरडते. तिथे रिप्लेस वापरून टीझेडइन्फो द्या. नॉर्मलाइझ (हिशेबानंतर वेळ दुरुस्त करणारं पायटीझेडचं फंक्शन) उडवा, झोनचं नाव देणाऱ्या डॉट-झोनचं डॉट-की करा.
विंडोजवर टाइमझोनचा डेटाबेस नसतो, काही स्लिम डॉकर इमेजमध्येही नसतो. रिक्वायरमेंट्समध्ये टीझेडडेटा (तो डेटाबेस देणारं पॅकेज) आत्ताच टाका, नाहीतर डिप्लॉय झाल्यावर कळेल.

उत्तर २
न्यूयॉर्कचं मात्र भागणार नाही. ९ मार्च २०२४, रात्री ८ मध्ये २४ तास मिळवा. पायटीझेड नॉर्मलाइझनंतर १० तारखेचे रात्री ९ देतं, कारण त्या पहाटे घड्याळं तासभर पुढे गेली. झोनइन्फो ८ च देतं; ते भिंतीवरच्या घड्याळाचा हिशेब करतं, प्रत्यक्षात २३ तासच झालेले असतात. एकाच झोनमधल्या वजाबाकीतही तेच.
'उद्या याच वेळी' हवं असेल तर हे बरोबर. लॉगिनचं टोकन २४ तासांनी संपवायचं असेल तर आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) न्या, मग मिळवा. एरर काही येत नाही, हीच पंचाईत.
घड्याळं पुढे केलेली आहेत का हे पायटीझेडला सांगणाऱ्या इज-डीएसटीऐवजी आता फोल्ड: नोव्हेंबरात घड्याळं मागे जातात तेव्हा १:३० दोनदा वाजतात, पहिल्याला ०, दुसऱ्याला १.

उत्तर ३
भारतापुरतं भागेल, पण कुणी डेटटाइम बनवताना टीझेडइन्फोला पायटीझेडचा झोन थेट दिला नसेल तरच. तसं दिलं की +५:३० ऐवजी +५:५३ लागतं, कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. सकाळचे ९ यूटीसीत ३:३० ऐवजी ३:०७ होतात. नवा कोड बरोबर लिहील, जुन्या नोंदी २३ मिनिटं मागेच राहतील. तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याच्या वेळा असतील तर मिनिटांत ०७ आणि ३७ शोधा.

प्रश्नकर्ता
झोन थेट दिलेल्या चार जागा सापडल्या, ३७ वाल्या नोंदीही. ०७ आणि ३७ वाल्या सरसकट २३ मिनिटं पुढे ढकलू?

उत्तर ३
नको. कुणी खरंच सकाळी ८:३७ ची वेळ टाकली असेल तर तीही यूटीसीत ३:०७ च दिसते. त्या चार जागांमधून लिहिलेल्या नोंदी तेवढ्या बदला, आणि आधी कॉपी काढून ठेवा.