रायफलची नळी इजा न होता काढण्यासाठी कोणता वाईस घ्यावा?

ओहायोकर (प्रश्न)
माझ्या रेमिंग्टन ७०० रायफलची कारखान्यातली नळी उतरवून निशाणेबाजीसाठी जाड नळी बसवायची आहे. जुनी नळी उत्तम स्थितीत असून पुढे ती परत बसवण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तिला इजा होता कामा नये. गेल्या रविवारी साध्या बेंच वाईसच्या (टेबलावरच्या शिकंजाच्या) जबड्यांत चामड्याचे तुकडे घालून नळी आवळली आणि रिसीव्हरला (नळी ज्यात आट्यांनी बसते त्या रायफलच्या मुख्य भागाला) पाना लावून जोर दिला. आटे जागचे हलले नाहीत. नळी मात्र चामड्यातल्या चामड्यात फिरली आणि तिच्या निळसर-काळ्या अंगावर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला. तो पाहून मी काम थांबवले. खास बॅरल वाईस (नळी धरण्याचा वाईस) घ्यायचा झाल्यास दोन बोल्टचा घ्यावा की चार बोल्टचा, आणि आतले बुश (नळीभोवती बसणारे पोकळ तुकडे) अॅल्युमिनियमचे असावेत की लाकडाचे?

जुना टर्नर
आपण वेळीच थांबलात, हे फार चांगले केलेत. नळीला इजा होते ती बहुतेक वेळा दाबामुळे नव्हे, घसरण्यामुळे. सपाट जबडे गोल वस्तूला जेमतेम दोन रेषांवर टेकतात. बॅरल वाईसमधले बुश तिला जवळजवळ सर्व बाजूंनी कवेत घेतात, त्यामुळे तेवढ्याच आवळणीत पकड अधिक चांगली बसते. म्हणून बोल्ट मोजण्याआधी वाईसच्या, बुश धरणाऱ्या ठोकळ्यांची रुंदी पाहावी. रुंद ठोकळे असतील तर चार बोल्ट घ्यावेत आणि ते आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावेत.

बुश अॅल्युमिनियमचे घेतल्यास ते नळीच्या मापाचेच हवेत. नळी पुढे निमुळती होत जाते, म्हणून रिसीव्हरच्या जितके जवळ धरता येईल तितके धरावे आणि त्या जागेचा व्यास व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) मोजूनच बुश निवडावा. नळी आणि बुश दोन्हींवरचे तेल अॅसिटोनने पुसून काढावे, मग बुशमध्ये राळेची बारीक पूड भुरभुरावी. पुण्यात आयटीआयला असताना फिनिश केलेला शाफ्ट धरण्याआधी निदेशक आम्हाला तांब्याचे पत्रे लावायला लावत, पण त्याहीआधी फडक्याने तेल पुसायला लावत, आणि ती सवय मला आजवर उपयोगी पडली आहे.

वाईस टेबलाला आरपार बोल्टने जखडलेला हवा. टेबलच हलत असेल तर पान्याला दिलेला झटका आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि घट्ट बसलेली नळी सुटते ती सावकाश ओढण्याने नव्हे, तर नेमक्या झटक्याने.

सागवान
लाकडाच्या बाजूने मी बोलतो. मेपलच्या किंवा ओकच्या ठोकळ्याला नळीच्या मापाचे भोक पाडून तो मधोमध चिरला, तर करवतीच्या पात्याएवढी फट आपोआप राहते. ती राहायलाच हवी, कारण दोन अर्धे एकमेकांना टेकले की सारा दाब लाकडावर जातो आणि नळी मोकळीच राहते. लाकूड नळीच्या निमुळतेपणाशी जुळवून घेते आणि पृष्ठभाग जपते. मात्र एकदा नळी घसरली की भोक आतून काचेसारखे गुळगुळीत होते. तो ठोकळा पुन्हा वापरू नये. फार घट्ट नळीसाठी अॅल्युमिनियमच बरे, हे मलाही मान्य आहे.

रिसीव्हरचीही तितकीच काळजी घ्यावी. दुर्बिणीचे बेस, ट्रिगर आणि रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आधी काढावेत, आणि पाना रिसीव्हरच्या पुढच्या गोल भागाला चहूबाजूंनी धरणारा असावा. रिकॉइल लगवर (गोळी सुटताना बसणारा धक्का दस्त्याकडे नेणाऱ्या भागावर) जोर देऊ नये: ती या रायफलीत नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबलेली सुटी चकती असते.

मिशिगनचा वाचक
एक भर घालतो. नळीला रिसीव्हरलगत लेथवर खाच घेऊन ताण सैल करण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो भंगारात जाणाऱ्या नळीसाठी ठीक आहे, आपल्यासाठी नाही. त्याऐवजी सांध्यावर झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. कोणतीही नळी बसवल्यावर, ती जुनीच परत बसवली तरीही, हेडस्पेस (बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे अडते ती जागा यांतले अंतर) गो आणि नो-गो गेजने, म्हणजे किमान आणि कमाल मापाच्या नमुन्यांनी, तपासल्याशिवाय काडतूस भरू नये.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून असे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.