युजिनिया चार्ल्स (डॉमिनिका): 'पोलादी बाई' सोडून काय लिहावं?

वाचनवेडी:
बेटांवरच्या महिला राज्यकर्त्यांवर लेखमाला लिहितेय, त्यात डॉमिनिकाच्या पंतप्रधान राहिलेल्या डेम युजिनिया चार्ल्स यांच्यापाशी गाडी अडलीय. जे हाती लागतं त्यात 'कॅरिबियनची पोलादी महिला', अमेरिकी अध्यक्ष रेगन यांच्याशेजारी उभ्या असतानाचा फोटो, की संपलं. राजकारणाआधी त्या काय करत? व्यापारी घराणं म्हणजे नेमका कसला व्यापार? १९८० साली संसदेच्या २१ पैकी १७ जागा कशा आल्या? आणि केळ्यावर जगणारं बेट १५ वर्षं चालवलं कसं? लिहिताना कुठे चूक होऊ शकते तेही सांगा.

दर्यावर्दी:
पहिली चूक नकाशातच होते. डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. हे ७५० चौ. किमीचं, इंग्रजी आणि क्रिओल बोलणारं डोंगराळ बेट आहे. राजधानी रोझो. यशस्वी जयस्वालने जुलै २०२३ मध्ये पदार्पणात १७१ केले ते विंडसर पार्क इथलंच, एवढं सांगितलं की आपल्या वाचकाला जागा कळते.

दुसरी चूक 'कॅरिबियनच्या पहिल्या महिला पंतप्रधान'. १९७७ मध्ये नेदरलँड्स अँटिलीसमध्ये लुसिना दा कोस्ता गोमेझ-माथेव्स त्या पदावर होत्या, पण तो प्रदेश स्वतंत्र नव्हता. म्हणून 'स्वतंत्र देशाच्या' हे शब्द गाळू नका.

आता घराणं. जन्म १५ मे १९१९, रोझोच्या दक्षिणेला पॉइंट मिशेल गावात. वडील जे. बी. चार्ल्स मळेवाले आणि आयात-निर्यात करणारे. छोट्या बचतीची सहकारी बँक त्यांनीच उभी केली. तिला लोक 'पेनी बँक' म्हणत, यावरून खातेदार कोण होते ते ओळखा. रोझोतल्या जुन्या किल्ल्यात झालेल्या फोर्ट यंग हॉटेलच्या कंपनीत युजिनियाबाई संचालक होत्या. शिक्षण टोरंटोत आणि लंडनमध्ये. १९४७ मध्ये बॅरिस्टर, १९४९ मध्ये परत येऊन बेटावरच्या पहिल्या महिला वकील. काम मुख्यतः जमीनजुमल्याचं. हा तपशील सोडू नका. पुढे त्यांच्या पक्षावर 'शहरातल्या सावकार-व्यापाऱ्यांचा पक्ष' हा शिक्का बसला त्याचं मूळ इथे आहे.

राजकारणात आल्या त्या जवळपास पन्नाशीला. १९६८ मध्ये लेब्लाँ यांच्या लेबर सरकारने वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदा आणला, लोकांनी त्याला 'तोंड बंद करा' विधेयक असंच नाव दिलं. त्याविरुद्धच्या चळवळीतून चार्ल्स यांची फ्रीडम पार्टी निघाली. गंमत म्हणजे त्यात फिलिस शँड ऑलफ्रीही होत्या, ज्यांनी १९५५ मध्ये लेबर पार्टी स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. त्यांच्यावर तुमच्या मालेत वेगळा लेख व्हायला हरकत नाही.

आकडेमोड:
१७ जागांबद्दल. १९७५ मध्ये याच फ्रीडम पार्टीला २१ पैकी ३ मिळाल्या होत्या. मधल्या पाच वर्षांत हे घडलं: ३ नोव्हेंबर १९७८ ला स्वातंत्र्य, २९ मे १९७९ ला लेबरचे पंतप्रधान पॅट्रिक जॉन यांच्या सैनिकांचा निदर्शकांवर गोळीबार, सरकार कोसळून ऑलिव्हर सेराफिन यांचं हंगामी सरकार, आणि बरोबर तीन महिन्यांनी, २९ ऑगस्टला, डेव्हिड चक्रीवादळ. तीन-चतुर्थांश लोक बेघर झाले. जुलै १९८० च्या मतदानाला लेबर फुटलेली होती. चार्ल्स यांना मतं सुमारे ५१ टक्केच पडली, पण एका जागेला एकच विजेता या पद्धतीत समोरची मतं वाटली गेल्यावर १७ जागा आल्या. जॉन यांच्या पक्षाला शून्य. तेव्हा 'लाट' लिहायचं तर जपून.

खानदेशी:
केळ्याचं मी सांगतो, कारण लेखातला खरा मसाला तिथे आहे.

जळगावकडे वादळात बागा आडव्या होतात ते आपण पाहतोच. तिथेही डेव्हिडने तेच केलं. पण केळीचं झाड म्हणजे खोड नव्हे, पानांचे गुंडाळलेले थर. ते मोडलं तरी कंदातून मुनवे (नवे कोंब) फुटतात आणि नऊ-दहा महिन्यांत पुन्हा घड कापता येतो. नारळाला, लिंबाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून वादळानंतर शेतकरी केळ्याकडेच वळला आणि बेट एका पिकावर आणखी टेकलं.

माल जायचा ब्रिटनला, गीस्ट कंपनीच्या जहाजांतून, राखीव बाजारात. पैसे पौंडात. स्थानिक पूर्व कॅरिबियन डॉलर मात्र १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० ने बांधलेला. आता हिशेब करा. १९८० च्या शेवटी पौंड २.४० डॉलरच्या आसपास, म्हणजे १०० पौंडांचे ६४८ स्थानिक डॉलर. १९८५ च्या सुरुवातीला पौंड १.०५ वर आला: तेच १०० पौंड, हातात २८३. शेतकऱ्याने काहीच चूक केली नाही. १९८८ च्या सुमारास १.८० झाला की पुन्हा ४८६. चार्ल्स यांच्या काळातली मंदी आणि तेजी 'शिस्तीच्या कारभारा'ने समजावणारे लेख हा दर बघतच नाहीत.

रस्त्यांचंही तसंच. उतारावरच्या बागेतून खोका डोक्यावर, मग खडबडीत वाटेने ट्रकवर, मग बंदर. वाटेत साल दुखावली की इंग्लंडमध्ये काळा डाग आणि दर्जा घसरला. त्यामुळे रस्ता बांधणं म्हणजे थेट केळ्याचा भाव सांभाळणं होतं.

शंकेखोर:
खानदेशी, रस्त्यांचा पैसा कुठून आला तेही लिहा की. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडा या दुसऱ्या कॅरिबियन बेटावर अमेरिकेने फौज उतरवली, बाई रेगनशेजारी उभ्या राहिल्या आणि नंतर अमेरिकी मदत वाढली. शिवाय कॅसिनो, नाइटक्लब, करमुक्त दुकानं नकोत म्हणणाऱ्या याच बाईंच्या सरकारने १९९३ मध्ये पैसे गुंतवणाऱ्याला नागरिकत्व द्यायची योजना आणली.

दर्यावर्दी:
दोन्ही मुद्दे लेखात हवेतच. फक्त ग्रेनाडाच्या वेळी त्या पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या, मदतीची मागणी त्या नात्याने केली, हे लिहा. आणि २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी कारवाईचा निषेध केला, त्या ९ मध्ये डॉमिनिका होती, हेही. आधी १९८१ मध्ये भाडोत्री सैनिक आणून त्यांचं सरकार उलथवण्याचा कट न्यू ऑर्लिन्समध्ये पकडला गेला, १० जणांना अटक झाली. त्याच वर्षी त्यांनी आपलं सैन्यच बरखास्त केलं. ही पार्श्वभूमी दिली नाही तर ग्रेनाडातली घाई कळत नाही. पासपोर्टबाबत मात्र शंकेखोर यांच्याशी सहमत, त्याचं समर्थन मला तरी जमत नाही.

वाचनवेडी:
धन्यवाद सगळ्यांना, पौंडाचा हिशेब चौकटीत टाकते. शेवटी '१९९५ मध्ये पराभव' असं लिहिलंय, बरोबर ना?

आकडेमोड:
नाही. त्या उभ्याच नव्हत्या. पक्षाचं नेतृत्व आधीच ब्रायन ॲलीन यांच्याकडे गेलं होतं. पक्षाला मतं सर्वांत जास्त पडली, सुमारे ३६ टक्के, पण जागा ५. एडिसन जेम्स यांच्या पक्षाला मतं थोडी कमी आणि जागा ११. ज्या पद्धतीने १७ दिल्या तिनेच या वेळी काढून घेतल्या.