लेट्रोझोल: औषध पुढे लागू पडलं म्हणून न विचारता केलेली चाचणी माफ होते का?

मैत्रेयी_प

परवा एका चर्चेत कोणीतरी ठासून म्हणालं, "लेट्रोझोलवरून केवढा गदारोळ केलात, आणि आज जगभर पीसीओएसच्या (बीजकोशाच्या विकाराच्या) बायकांना मूल व्हावं म्हणून तेच आधी देतात. ओरडणारे तोंडावर पडले." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

प्रकरण थोडक्यात असं. लेट्रोझोल हे मूळचं पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही. इस्ट्रोजेन घटलं की मेंदू एफएसएच हे संप्रेरक वाढवतो आणि बीजांड वाढीला लागतं, म्हणून २००१ च्या सुमारास कॅनडातल्या डॉक्टरांनी ते वंध्यत्वासाठी वापरून पाहिलं. कल्पना हुशारीची होती, त्याबद्दल वादच नाही.

पण २००३ मध्ये उघडकीस आलं की भारतात ठिकठिकाणी, मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या चारशेहून अधिक बायकांना हे औषध चाचणीसारखं दिलं गेलं. त्यांना माहिती नाही, संमती नाही, या वापराला औषध नियंत्रकांची परवानगी नाही. मिम्स इंडिया या औषधविषयक नियतकालिकाचे संपादक डॉ. चंद्रा गुल्हाटी यांनी हा विषय लावून धरला. या औषधाने गर्भातल्या पिल्लांना इजा होते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून तेव्हा माहीत होतं. आणि ते दिलं कोणाला, तर ज्यांना गर्भच राहायला हवा होता त्यांना!

डॉ_विनायक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि मला हा सूर एकांगी वाटतो. ऑफ-लेबल, म्हणजे मंजूर नसलेल्या उपयोगासाठी, औषध आम्ही रोज देतो. मेटफॉर्मिन मधुमेहाचं, तरी पीसीओएसला सर्रास दिलं जातं. प्रत्येक वेळी त्याला चाचणी म्हणायचं का?

प्राण्यांचा मुद्दा ऐकायला भयंकर आहे, पण गोळी देतात पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी. औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरात ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण दोन दिवस. गर्भ रुजेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं. २००५ मध्ये कॅनडातून बाळांमध्ये दोष जास्त दिसल्याचा एका संशोधनाचा गोषवारा आला आणि सगळे घाबरले. पुढच्याच वर्षी कॅनडातच नऊशेहून अधिक बाळांचा अभ्यास झाला, त्यात क्लोमिफेन या वंध्यत्वावरच्या जुन्या औषधाच्या तुलनेत दोष वाढलेले दिसले नाहीत. तरीही आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठीच्या वापरावर बंदी आली. ज्यांना क्लोमिफेन लागू पडत नव्हतं, ज्यांच्या गर्भाशयाचं अस्तर त्याने पातळ होत होतं, त्या बायकांना मी काय सांगायचं होतं? २०१४ च्या अमेरिकन चाचणीत ७५० स्त्रिया होत्या. लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर १९.१ टक्के. त्या बंदीची किंमतही बायकांनीच मोजली.

खडूफळा

डॉक्टरांशी सहमत. नैतिकतेच्या नावाखाली आपण संशोधनच बंद पाडतो. २०१३ मध्ये नियम असे आवळले की अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने इथल्या जवळपास चाळीस चाचण्या थांबवल्या. नवीन औषधं दुसऱ्यांनी तपासायची आणि आपण नुसती विकत घ्यायची?

रेवा७२

खडूफळा, ते नियम कुणाच्या हट्टापायी आले नाहीत. स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारने स्वतः आकडे दिले: २००५ ते २०१२ या काळात चाचण्यांदरम्यान २,६४४ मृत्यू, त्यांतले ८० थेट चाचणीमुळे. बाकीचे आजाराने गेले असतील, मान्य. पण त्या ८० घरांपैकी किती जणांना आपलं माणूस चाचणीत आहे हे नीट समजलं होतं? आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मममध्ये एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणाऱ्या लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डनच्या सह्या होत्या. त्या प्रकल्पातल्या काही मुली दगावल्या, ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असं पुढे चौकशीत आलं. त्याने वॉर्डनची सही आईबापांची होत नाही.

अनुराधा_कोल्हापूर

डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मी हीच गोळी घेतली आहे, अलीकडे, बंदी उठल्यावर. मला आधी कोणीही काही सांगितलं नव्हतं. औषधाच्या दुकानात माझ्या नवऱ्याला विचारलं, "ही कॅन्सरची गोळी आहे, पेशंट कोण?" तो तिथून फोनवर काही बोलेचना. घरी आल्यावर आम्ही पाकिटातला कागद उलगडला, तर त्यात गरोदर बाईने घेऊ नये असं छापलेलं. ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिसरा ते सातवा दिवस, दोन दिवसांचं अर्धायुष्य, हे सगळं समजावलं. पाच मिनिटं लागली. मग मी निर्धास्त घेतली. आदल्या दिवशी ही पाच मिनिटं का नव्हती?

डॉ_विनायक

अनुराधाताई, हे व्हायला नको होतं. ओपीडीत सत्तर पेशंट असतात हे कारण आहे, समर्थन नाही. पण न समजावणं वेगळं आणि अनैतिक चाचणी वेगळी, एवढंच माझं म्हणणं.

मैत्रेयी_प

डॉक्टर, वेगळं आहे, आणि म्हणूनच मी २००३ ला ऑफ-लेबल म्हणायला तयार नाही. तुम्ही समोरच्या एका बाईसाठी, तिच्या भल्याचा विचार करून औषध बदलता, ते ऑफ-लेबल. ठिकठिकाणच्या बायकांचे निकाल गोळा होतात आणि आरोप होता तसे औषध कंपनीच्या एमआरच्या (विक्री प्रतिनिधीच्या) बॅगेतून इतर डॉक्टरांपर्यंत जातात, तेव्हा ती बाई पेशंट राहत नाही, नमुना होते. आपल्या कायद्यातही जुन्या औषधाचा नवा उपयोग सांगायचा तर ते नवीन औषधच धरतात. हे सांगणारा औषध नियमांतला नियम १२२ई तेव्हाही होता.

तुमच्या बंदीच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. नऊशे बाळांचा अभ्यास कॅनडातून का यावा? औषध तर इथेही शेकडो जणींना दिलं होतं. पण चाचणी म्हणून नोंदच नसेल तर बाळ जन्मल्यावर त्याच्याकडे बघायचं बंधन कोणावर? २००५ ची भीती पसरली तेव्हा आपल्याकडे दाखवायला रीतसर जमवलेलं काही असतं, तर २०११ ची बंदी इतक्या सहज आली नसती. संमती न घेतल्यामुळे त्या चारशे जणींचा अपमान झालाच, वर त्यांच्या शरीराने दिलेली माहितीही वाया गेली.

खडूफळा

हा मुद्दा मान्य. पण मग रीतसर चाचणीला परवानगी वर्षभर अडकून राहू नये, यासाठीही कोणीतरी भांडलं पाहिजे ना?

रेवा७२

भांडूया की. २०१९ च्या नियमांत देशात शोधलेल्या औषधाच्या चाचणीवर ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय बंधनकारक केलाय. आता चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांवर बाहेरची माणसं खरोखर बोलतात की नुसती सही करून उठतात, तेही विचारायला घ्या.