पुस्तक डोक्यात घेऊन सिनेमाला गेलात आणि चडफडत बाहेर आलात? लिहा इथे

आवडत्या पुस्तकावर पाण्यासारखा पैसा ओतून सिनेमा काढतात, आपण ट्रेलर बघूनच नाचायला लागतो आणि मग इंटर्व्हलला शेजारच्याकडे बघून 'हे काय चाललंय' असं तोंड करतो, असं कोणाकोणाचं झालंय? 'पुस्तकच भारी होतं' एवढंच लिहून पळायचं नाही, नेमकं काय खटकलं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. माझं जुनं दुखणं म्हणजे हॉबिट. पुस्तक १९३७ चं, तीनशेच्या आसपास पानांचं, मुलांसाठी लिहिलेलं. त्याचे सिनेमे तीन, २०१२ ते २०१४ दरवर्षी एक, मिळून जवळपास आठ तास! तेवढ्या वेळात मी पुस्तक वाचून संपवतो, मध्ये एक डुलकी काढून. पुस्तकात शेवटची लढाई ऐन रंगात आलेली असताना नायक बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटपलेलं असतं. मला हा प्रकार भयंकर आवडतो, कारण हा माणूस मुळात लढवय्या नाहीच. आणि इथे तिसऱ्या सिनेमाचं नावच त्या लढाईवरून! वर पुस्तकात नसलेली एक एल्फ बाई आणून तिचं बुटक्याशी प्रेमप्रकरण. असो, बीपी वाढतो.

----

अगदी अगदी. त्यातला पहिला भाग मी सेकंदाला ४८ फ्रेम्सवाला बघितला होता (नेहमी २४ असतात). सगळं इतकं लख्ख की जादूची दुनिया वगैरे राहिली बाजूला, सेटवर उभं राहून शूटिंग बघतोय असं वाटत होतं. दाढ्या खोट्या दिसत होत्या हो.

----

माझी लेक हॅरी पॉटर वाचून मग सिनेमे बघायला बसली. चौथ्या भागात हॅरीचं नाव त्या पेल्यातून बाहेर येतं ना, तेव्हा हेडमास्तर डम्बलडोर धावत येऊन त्याला धरून गदागदा हलवतो. पुस्तकात तो शांतपणे विचारतो. शां-त-प-णे. लेकीने पॉज केलं, पुस्तक आणलं, पान काढून माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली आई हा डम्बलडोर नाहीये, कोणीतरी वेगळाच माणूस आहे. मला मात्र तिसऱ्या सिनेमाचा जास्त राग आहे. तो जादूचा नकाशा बनवणारी चार नावं कोणाची, हे अख्ख्या सिनेमात सांगतच नाहीत! एका वाक्याचं काम होतं, पण नाइट बसच्या धांदलीला मात्र भरपूर वेळ.

----

आय अ‍ॅम लेजंड. मूळ कादंबरी १९५४ ची, छोटीशी, आणि तिची सगळी ताकद शेवटच्या पानावर आहे. ज्यांना राक्षस समजून नायक इतकी वर्षं मारत आला, त्यांचा आता नवा समाज तयार झालाय आणि त्यांच्या दृष्टीने दिवसाढवळ्या येऊन झोपेत मारणारा राक्षस हाच आहे. त्यांच्या दंतकथेतला बागुलबुवा हा! मला ते वाचून रात्री झोप लागली नव्हती. २००७ च्या सिनेमात काय, तर हिरो औषध शोधतो, ते दुसऱ्यांच्या हाती देतो आणि स्वतः बलिदान देतो, म्हणून तो लेजंड. म्हणजे नाव तेच ठेवलं आणि अर्थ बरोब्बर उलटा केला. गंमत म्हणजे दुसरा एक शेवट शूट केलेला होता, नंतर डीव्हीडीवर आला, त्यात त्याला निदान कळतं तरी की समोरच्यांनाही आपलं माणूस परत हवंय. तो कापला. एवढा पैसा लावल्यावर प्रेक्षक 'हिरोच व्हिलन होता' असं पुटपुटत बाहेर पडलेला परवडत नाही बहुतेक.

----

हे वाचून वर्ल्ड वॉर झी आठवला. पुस्तक म्हणजे नुसत्या मुलाखती, वेगवेगळ्या देशातली माणसं झॉम्बींचं संकट संपल्यावर बसून सांगतायत. सिनेमात एकटा ब्रॅड पिट पळतोय. संपला विषय.

----

बिग बजेट हॉलिवूडलाच कशाला धरता. राऊ वाचलेल्या माणसाने २०१५ चा बाजीराव मस्तानी बघावा, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतायत. त्याच दिग्दर्शकाचा २००२ चा देवदास घ्या, कादंबरीत पारो आणि चंद्रमुखीची गाठही पडत नाही, इथे जोडीने ठुमके. माझं गणित असं की दोन मोठ्या हिरॉइन्स घेतल्या की त्यांना एका फ्रेममध्ये आणून नाचवावंच लागतं, नाहीतर एवढा खर्च दिसणार कुठे? कपडे, झुंबरं, आरसे सुंदर असतात, नाही कोण म्हणतंय. पण माझ्या सासूबाई थिएटरात मोठ्याने म्हणाल्या, अगं ही इथे कशी आली?

----

हा रोग जुना आहे मंडळी. गाइड १९६५ चा. मूळ कादंबरीचे लेखक आर. के. नारायण यांनी 'मिसगायडेड गाइड' नावाचा अख्खा लेख लिहिला होता, त्यांचं इवलंसं मालगुडी उचलून राजस्थानात नेलं म्हणून. आणि शेवट! कादंबरीत राजू म्हणतो डोंगरात पाऊस पडतोय, आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच पडला की नाही ते तुम्ही ठरवा. सिनेमात धो धो. तरी मला सिनेमा प्रचंड आवडतो, गाण्यांसाठी काहीही माफ. त्यामुळे 'बदल केला म्हणून वाईट' हे मला पटत नाही.

----

+१. गॉडफादर कादंबरीतलं ल्यूसीचं ते लांबलचक उपकथानक सिनेमातून उडवलं, किती बरं झालं. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधून टॉम बॉम्बाडिल हे अख्खं पात्र गेलं, माझं काही अडलं नाही. कापा हो, बिनधास्त कापा. घुसडू नका.

----

टॉम बॉम्बाडिलबद्दल असं बोलायचं नाही :राग:

----

मी आता उलटं करते, आधी सिनेमा, मग पुस्तक. मनस्ताप निम्मा होतो. पूर्ण नाही होत. ड्यून २०२१ ला बघितला, पोस्टरवर नुसतं ड्यून, पडद्यावर नाव आलं तेव्हा कळलं की हा पार्ट वन आहे. कथा रंगात आली आणि दिवे लागले, पुढचा भाग थेट २०२४ ला. तोवर पुस्तक घेतलं. त्यात एक मेजवानीचा प्रसंग आहे, सगळे टेबलाभोवती बसून गोड गोड बोलत एकमेकांचा अंदाज घेतायत, कोण कोणाचा हेर ते आपण ओळखायचं. मी दोनदा वाचला तो. सिनेमात नाहीच. वाळूतला किडा मात्र मिळेल तिथून दाखवलाय. माणसं नुसती बसून बोलतायत, काही फुटत नाही, कोसळत नाही, असा सीन ठेवायला यांना नक्की कोणाची भीती वाटते?